उसाच्या फडात उभे राहिलेले संगणक-नगर

मॉरिशस नावाच्या चिमुकल्या बेटाने एका पिकाच्या विळख्यातून आपली मान कशी सोडवून घेतली, त्यात आपल्या मराठी माणसांचा वाटा काय आणि धानाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपण त्यातून काय घ्यावे, याची ही हकिगत.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुन्या दोन. एक मोरगावची आणि दुसरी सडकेवरची. आपल्या अर्जुनीच्या नावातच सडक आहे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा हमरस्ता, पूर्वीचा सहा नंबरचा आणि आताचा ५३ नंबरचा, आपल्याच तालुक्यातून जातो. कोहमाऱ्याच्या चौकात घटकाभर उभे राहिले तर देशाच्या एका टोकाचा माल दुसऱ्या टोकाला जाताना दिसतो. पण या सडकेवरून नुसता मालच जात नाही. धान निघाले, चुरणे आटोपले की आपली पोरेही याच सडकेने जातात. कोणी नागपूरला, कोणी रायपूरला, कोणी पुण्याला, तर कोणी हैदराबादला. मुलगा न शिकला तर मजुरीला जातो आणि शिकला तर नोकरीला जातो. मागे राहतात ती म्हातारी माणसे, बांध्या आणि पुढच्या रोवण्याची काळजी.

शिकलेल्या मुलाला घराजवळ काम मिळेल का, हा प्रश्न आज धानपट्ट्यातल्या घरोघरी आहे. हाच प्रश्न पन्नास-साठ वर्षांपूर्वी एका बेटापुढे उभा होता. त्या बेटाला तर सडकही नव्हती. चारी बाजूंना समुद्र, खाली दगडाळ जमीन आणि वर एकच पीक, ऊस! त्या बेटाने काय केले ते समजून घेण्यासारखे आहे.

मॉरिशस हे बेट हिंदी महासागरात, आफ्रिकेजवळच्या मादागास्करच्या पूर्वेला आहे. मुंबईपासून ते साडेचार हजार किलोमीटरहून अधिक दूर. आकाराने आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. आणि आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतीत १३ लाख २२ हजार होती. म्हणजे माणसे जवळजवळ आपल्या जिल्ह्याएवढीच, जमीन मात्र निम्मीसुद्धा नाही. एवढ्याशा जागेत एक स्वतंत्र देश नांदतो आहे.

पाच रुपये महिन्यावर गेलेली माणसे

या बेटावर मूळचे कोणी राहत नव्हते. पुढे फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणून ऊस लावला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले आणि १८३५ मध्ये तिथली गुलामी कायद्याने बंद झाली. मग फडात राबायचे कोणी? मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज ३६ मजूर घेऊन कलकत्त्याहून पोर्ट लुईच्या बंदरात लागले. हे मजूर छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातले होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये मजुरी आणि वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक हिंदी माणसे तिथे उतरली. बिहारकडची पुष्कळ, मद्रासकडची काही, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसेही. यांत कोकणातल्या कुटुंबांचा भरणा मोठा होता. बंदरातल्या ज्या सोळा पायऱ्या चढून हे लोक बेटावर पाऊल ठेवत, त्या पायऱ्या आजही जपून ठेवल्या आहेत. त्या जागेला ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले.

करार गोड शब्दांत लिहिलेला असला तरी जिणे कडू होते. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. जमिनीत काळ्या दगडांचा खच. ते वेचून वेचून मजुरांनी शेतात डोंगराएवढे ढीग रचले आणि मधल्या मातीत ऊस लावला. ते दगडांचे ढीग आजही फडांच्या मधोमध दिसतात.

तरीही ही माणसे तिथे रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले, तेव्हा मोठ्या मळेवाल्यांनी कडेकडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. मजुरांनी पैपै साठवून, भावाभावांनी मिळून ते तुकडे घेतले. १९१३ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तेव्हा सावकाराच्या दारात जाण्याऐवजी गावच्या पेढीतून कर्ज घेण्याची सोय झाली. कालचा मजूर लहान का होईना, बागायतदार झाला.

मराठी मंडळींनी आपले सणवार सोडले नाहीत. हेन्रिएटा नावाच्या गावी १८९६ मध्ये तिथला पहिला गणपती बसला, असे सांगतात. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीची आठवण करून देणारी ‘झाकरी’ तिथे अजून नाचली जाते. सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकण्याची सोय आहे आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. घरात बोलणे मात्र आता बहुतेक ‘क्रेओल’ भाषेत, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेल्या तिथल्या बोलीत चालते.

एकच पीक, एकच गिऱ्हाईक

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या परदेशी विक्रीत शंभरातले नव्वद रुपयांहून अधिक साखरेचे होते. लागवडीखालच्या बहुतेक जमिनीत ऊसच. पीक बुडाले तर देश बुडाला! १९६० मध्ये ‘कॅरल’ नावाचे तुफान आले आणि एका तडाख्यात उभा ऊस आणि हजारो घरे जमीनदोस्त झाली. जेम्स मीड हे नामांकित इंग्रज अर्थशास्त्रज्ञ. त्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी या बेटाची पाहणी केली आणि १९६१ मध्ये, माणसे वाढताहेत, जमीन वाढत नाही, काम मिळणार कुठून, असा काळजीचा सूर लावला.

एका पिकावरचा देश आणि एका पिकावरचे घर यांत फार फरक नाही. आपल्याकडे पऱ्हे टाकल्यावर पावसाने दडी मारली किंवा लोंबी भरताना तुडतुडा पडला की वर्षाचे गणित चुकते. धान चांगले झाले तरी भाव कोण ठरवतो, खरेदी केंद्र कधी उघडते आणि बोनस मिळतो की नाही, यावर चूल अवलंबून असते.

मॉरिशसचे नशीब एवढेच की १९७५ मध्ये युरोपातल्या देशांशी करार झाला. दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ते ठरलेल्या भावाने घेणार, आणि हा भाव बहुतेक वर्षी जगाच्या बाजारभावाहून चढा असे. हमीभावच म्हणा ना! पण हमीभाव मिळाला म्हणून ते बेट स्वस्थ बसले नाही. हमीभावाचा पैसा त्यांनी कुठे घातला, ही या हकिगतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

साखरेचा पैसा कुठे गेला?

काही पैसा कापडाच्या कारखान्यांत गेला. परदेशी माल पाठवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा १९७० मध्ये झाला होता. साखर कारखानदारांनी आपला नफा या कारखान्यांत आणि समुद्रकाठच्या हॉटेलांत गुंतवला. १९८० नंतर शर्ट, स्वेटर, बनियन शिवणारे कारखाने गावोगाव निघाले. त्यांत काम करणाऱ्या बहुतांश बाया होत्या. फडात खुरपणाऱ्या आईची मुलगी शिलाईयंत्रावर बसली आणि तिच्या हातात स्वतःची पगाराची रक्कम आली. याने घरातल्या बाईच्या शब्दाला वजन आले.

काही पैसा शाळांत गेला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झाले. गरिबाच्या घरची मुलेमुली, ज्यांनी प्राथमिकनंतर फडाची वाट धरली असती, ती पुढे शिकू लागली. शाळेत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच, घरात क्रेओल आणि देवघरात आजोबांची भाषा, अशा तीन-चार भाषा घेऊनच तिथले मूल वाढते. त्या वेळी कोणाला वाटले नसेल, पण पुढे याच भाषा त्या बेटाचे मोठे भांडवल ठरल्या.

मग २००५ च्या सुमारास दोन तडाखे एकदम बसले. जगातल्या कापडाच्या व्यापारावरची जुनी कोट्याची पद्धत संपली आणि चीन-बांगलादेशच्या स्वस्त मालापुढे मॉरिशसचे कित्येक कारखाने बंद पडले. त्याच सुमाराला युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवायचे ठरवले आणि २००९ मध्ये जुना साखर-करारही संपला. पण तोवर तिसऱ्या-चौथ्या धंद्याची पायाभरणी झाली होती.

फडात उभी राहिली इमारत

पोर्ट लुई या राजधानीच्या दक्षिणेला एबेन नावाची जागा आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिथे ऊस डोलत होता. मार्च २००० मध्ये भारताचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मॉरिशसला गेले, तेव्हा संगणक-नगर उभारायला भारताने हात द्यायचे कबूल केले. भारताच्या कर्जाच्या मदतीने काम सुरू झाले, आणि २००५ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते पहिल्या मोठ्या इमारतीचे, ‘सायबर टॉवर’चे उद्घाटन झाले. हळूहळू आजूबाजूला बँका, कंपन्या, खाणावळी आल्या आणि फडाच्या जागी काचेच्या इमारतींचे गाव वसले.

पण नुसती इमारत बांधून भागत नाही. बेटावरचा संगणक जगाशी बोलणार कसा? त्यासाठी समुद्राच्या तळाशी तार टाकावी लागते. २००२ मध्ये ‘सेफ’ नावाची केबल सुरू झाली. ती दक्षिण आफ्रिकेतून निघून मॉरिशसला येते, तिथून आपल्या केरळातल्या कोचीला आणि पुढे मलेशियाला जाते. या केबलमध्ये केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात. त्यांतून उजेडाच्या रूपाने निरोप धावतो, तोही इतक्या वेगाने की समुद्रापलीकडचा माणूस शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटतो. आपल्या ग्रामपंचायतींपर्यंत जी फायबर केबल आणण्याची सरकारी योजना आहे, तिचे हे मोठे भावंड. पुढे त्या बेटाने आणखी केबली आणल्या, कारण एकच दोर असला आणि तो तुटला तर सगळेच अंधारात.

आता तिथे काम कसले चालते? समजा, फ्रान्समधल्या एखाद्या बाईच्या विजेच्या बिलात घोळ झाला. ती कंपनीला फोन लावते. फोन उचलणारी मुलगी मॉरिशसमध्ये बसलेली असू शकते आणि ती अस्खलित फ्रेंच बोलते. कोणी परदेशी कंपन्यांचे हिशेब लिहितो, कोणी विम्याचे कागद तपासतो, कोणी संगणकाचे कार्यक्रम लिहितो. या सगळ्या व्यवसायात वीस हजारांहून अधिक माणसे आहेत. एवढ्याशा देशाला हा आकडा लहान नाही.

घड्याळाचाही फायदा आहे. फ्रान्समध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मॉरिशसमध्ये अकरा किंवा बारा झालेले असतात. म्हणजे फ्रान्सची कचेरी सांभाळायची तर रात्र जागवावी लागत नाही. काम दुपारी सुरू होते आणि संध्याकाळी उशिरा संपते. अमेरिकेचे काम करणारी आपल्याकडची पोरे मात्र घुबडासारखी रात्रभर जागतात.

बेट लहान असल्याचा आणखी एक लाभ झाला. एबेनमध्ये काम करणारा माणूस संध्याकाळी आपल्या गावी परत जाऊ शकतो. सकाळी बसगाड्यांची आणि मोटारींची इतकी गर्दी होते की लोक वैतागतात. त्यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये बेटावर मेट्रो गाडी सुरू झाली; आपल्याकडच्या लार्सन अँड टुब्रोने ती बांधली, आणि २०२३ पासून तिचा एक फाटा एबेनवरून जातो. दुपारी इमारतींबाहेर हातगाडीवरची गरम डाळपुरी खाल्ली जाते. गिरमिटियांच्या बायकांनी चुलीवर लाटलेल्या पोळीचीच ती पणती. आजोबा ज्या मातीत ऊस तोडत होते, त्याच मातीवरच्या इमारतीत नात संगणकापुढे बसते आणि रात्री जेवायला घरी असते.

ऊस गेला नाही

येथे एक गैरसमज होऊ नये. संगणक आला म्हणून त्यांनी ऊस उपटून टाकला नाही. एकोणिसाव्या शतकात अडीचशेच्या वर असलेले साखरेचे घाणे आणि कारखाने कमी होत होत आता तीन उरले आहेत. १९७३ मध्ये सात लाख टनांवर गेलेली साखर आता त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. पण उसाचा उपयोग वाढला. चोथा जाळून वीज तयार होते आणि ती बेटाच्या तारांत सोडली जाते. साधी साखर मोठ्या प्रमाणावर विकण्याऐवजी खास तपकिरी साखर चढ्या भावाने विकली जाते. लहान शेतकऱ्यांचे तुकडे एकत्र करून, दगड वेचून, यंत्राने तोडणी करता येईल असे फड तयार करण्याची योजनाही सरकारने राबवली.

आपल्या जिल्ह्यात राईस मिलांची कमतरता नाही. धानाचे तूस, कोंडा, तणस यांचा पैसा कोणाच्या खिशात जातो, याचा विचार आपणही करायला हरकत नाही.

खर्चाची बाजू

आता वहीची दुसरी बाजू. चार पैसे मिळाले तसा खर्चही झाला. हजारो लहान बागायतदारांनी शेती सोडली. कित्येकांच्या जमिनी पडीक आहेत. शिकलेल्या पोरांना फडात उतरायचे नाही. कापडाच्या कारखान्यांत आता बांगलादेश, मादागास्कर अशा देशांतून मजूर आणावे लागतात. दीडशे वर्षांपूर्वी जिथे आपण मजूर म्हणून गेलो, तिथे आज आपली नातवंडे दुसऱ्या मजुरांची वाट पाहतात! आणि एवढे करूनही फार हुशार मुले फ्रान्स, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाची वाट धरतातच.

कागदोपत्री धंद्याचाही धडा त्यांना मिळाला. भारताशी १९८० च्या दशकात झालेल्या कर-करारामुळे मॉरिशसमार्गे भारतात पैसा येत असे, कारण त्या वाटेने कर वाचत होता. २०१६ मध्ये करार बदलला आणि ती सवलत आटली. सवलतीवर उभा असलेला धंदा सवलत गेली की डळमळतो. हाताला आलेले कौशल्य मात्र कोणी कायदा करून काढून घेऊ शकत नाही.

सगळ्यांत बोलका प्रसंग २०२३ चा आहे. त्या वर्षी जुलैमध्ये भारत सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. मॉरिशसच्या पानात तांदूळ रोज लागतो आणि तो बाहेरून येतो. तेव्हा त्या देशाच्या विनंतीवरून ऑगस्टअखेरीस भारताने खास परवानगी देऊन १४ हजार टन, म्हणजे १ लाख ४० हजार क्विंटल तांदूळ द्यायचे ठरवले. २०२४ मध्ये ही बंदी उठली. पण विचार करा: काचेच्या इमारती, समुद्राखालची केबल, मेट्रो, सगळे असूनही भातासाठी दुसऱ्याच्या दाराशी उभे राहावे लागले. संगणक पगार देतो, भात मात्र बांधीतूनच येतो. तो भात पिकवणारे आपण आहोत, हे विसरू नये.

आपण काय घ्यावे?

सडक अर्जुनीने उद्या एबेन व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. तो देश आहे, त्याच्या हातात स्वतःचे कायदे आहेत; आपला तालुका आहे. पण चार गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली, पीक सोडायचे नाही, पण एका पिकावर राहायचेही नाही. धानानंतर ओलाव्यावर लाखोळी, हरभरा, जवस. तलावात मासे आणि शिंगाडा. ज्याच्याकडे पाणी आहे त्याने भाजीपाला. आपल्या वाडवडिलांनी बोड्या आणि मालगुजारी तलाव बांधून ठेवले, ते एका धानापुरते नव्हेत.

दुसरी, बऱ्या वर्षाचा पैसा. धान चांगले झाले, बोनस मिळाला की तो लग्नात आणि मोटारसायकलीत जातो. त्यातला काही वाटा मुलीच्या शिक्षणाला घालावा. ‘मुलाच्या’ असे न म्हणता मुद्दाम ‘मुलीच्या’ म्हटले, कारण मॉरिशसची घरे सावरली ती मुलींच्या पगारानेही.

तिसरी, भाषा. आपल्या भागातले मूल घरात झाडीबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी बोलते आणि काही घरांत गोंडीही. हे ओझे नसून भांडवल आहे. त्यात इंग्रजीची भर घातली पाहिजे. मात्र आहे ती भाषा टाकून नव्हे.

चौथी, काम माणसाकडे आणणे. तामिळनाडूत ‘देसीक्रू’ नावाच्या कंपनीने खेड्यांत लहान कचेऱ्या काढल्या आणि शहरातल्या कंपन्यांची कागदपत्रांची कामे गावातल्या मुलामुलींना दिली. त्यासाठी लागते काय? एक पक्की खोली, न जाणारी वीज, न तुटणारे नेट आणि शिकवून तयार केलेली पंधरा-वीस मुले. खोली ग्रामपंचायतीची असू शकते. मुले आपल्या घरी आहेत. वीज आणि नेट यांसाठी मात्र मागे लागावे लागेल.

म्हणून येत्या ग्रामसभेत रस्ता-नालीच्या जोडीने एक प्रश्न आणखी विचारा: आपल्या पंचायतीपर्यंत फायबरची केबल आली आहे का? आली असेल तर ती चालू आहे का? आणि चालू असेल तर तिच्यावर गावातले कोण काय काम करते? याचे उत्तर सरपंचांकडून आणि ग्रामसेवकांकडून वहीत लिहून घ्या. सभेला मुलींनाही सोबत न्या; पुढे त्या खोलीत बसून काम त्यांनाच करायचे आहे.